गेम संपतो तेव्हा

संगमनेरात काय किंवा पुण्यात काय, मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्याला हुरहुर लागायचं कारण नसतं. १०० जणांतला शेवटचा उरला की डाव संपतो, पुढचा लगेच सुरू. कथा सांगणाऱ्या गेमचं तसं नाही. तिथे शेवट खरोखरच येतो.

रॉकस्टारचा २०१८ सालचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ घ्या. मुख्य कथेलाच ४०-५० तास लागतात. तेवढा वेळ खेळाडू आर्थर मॉर्गन होऊन घोड्याला खरारा करतो, शिकार करतो, वाटसरूंच्या मदतीला धावतो. मग आर्थरला क्षय होतो आणि तो जातो. जग तिथेच राहतं, फक्त खेळाडूच्या हाती आता आर्थरचा साथीदार जॉन मार्स्टन असतो. आर्थरची चित्रांनी भरलेली रोजनिशीही त्याच्याकडे येते. जॉन त्यात लिहितो, पण चित्रं काही आर्थरसारखी जमत नाहीत. अनेकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते ही पानं उलटतानाच.

‘आउटर वाइल्ड्स’चं (२०१९) दुःख वेगळं. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, पुन्हा सुरुवात. शस्त्रं मिळत नाहीत, ताकद वाढत नाही. वाढतं फक्त खेळाडूचं ज्ञान. कोडं एकदा उलगडलं की ते पुन्हा नव्याने उलगडता येत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं, ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०). कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. गेम पाच-सहा तासांत आटोपतो, शेवटही अधांतरी. इथली हळहळ निरोपाची कमी, अपुरेपणाची जास्त. राजस्थानी वळणाच्या त्या देखण्या वास्तूंमधून आणखी थोडं हिंडायला मिळायला हवं होतं.