गाडगेबाबांचं ‘राजचिन्ह’: खराटा आणि खापर

राजघराण्यांच्या ढालीवर चिन्हं असतात. सिंह म्हणजे शौर्य. १८७७च्या दिल्ली दरबारात ब्रिटिशांनी संस्थानिकांना अशा चिन्हांचे ध्वज दिले. त्याच्या आदल्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १८७६ला, दर्यापूर भागातल्या शेंडगावात परिटाच्या घरी डेबूजी जन्मले. तेच पुढे गाडगेबाबा झाले. त्यांची चिन्हं कुणी बहाल केली नव्हती.

खराटा: गावात पाऊल ठेवताच आधी झाडलोट, मग कीर्तन.

खापर: जेवायला ताट, एरवी डोक्यावर टोपी.

चिंध्यांचा अंगरखा: गोरगरिबांशी नातं.

राजचिन्ह वारशानं मिळतं आणि मिरवायचं असतं. बाबांचं चिन्ह कुणीही उचलावं, पण ते वापरावं लागतं. भिंतीवर नुसता खराटा रंगवून गाव स्वच्छ होत नाही.