खळाळ आणि बंधारा

काही दिवसांपूर्वी कुरुंदवाडच्या एका शाळेत पाण्याच्या गुणधर्मांविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. बोलणे संपल्यावर मुलांना एक छोटी चित्रफीत दाखवली. डोंगरातला अरुंद, अतिशय तीव्र उताराचा ओढा, दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये पायऱ्यांसारखे धबधबे, आणि त्यातून कयाक नावाच्या चिंचोळ्या होडीत बसून एकटाच खाली उतरणारा माणूस. मुले श्वास रोखून पाहत होती. फीत संपली तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा माणूस एवढ्या धबधब्यांतून जिवंत बाहेर येतो. मग आमच्याकडे बंधाऱ्याखाली चांगली पोहणारी माणसं कशी बुडतात? तिथं तर पाणी एवढं खळाळतही नाही."

प्रश्न अगदी नेमका होता. त्या दिवशी आम्ही तिला घाईत अर्धेच उत्तर दिले. उरलेले उत्तर येथे देत आहोत. ते शिक्षकांनी आपापल्या वर्गात पोहोचवावे अशी आमची इच्छा आहे.

उताराचा हिशेब

कुरुंदवाडजवळ कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना भेटतात. दोन्ही नद्या सह्याद्रीतून आलेल्या. कृष्णा महाबळेश्वरला सुमारे १३०० मीटर उंचीवर उगम पावते आणि वाईपर्यंतच ५०० मीटरांहून अधिक खाली उतरते. त्यानंतर मात्र तिची चाल मंदावते. कुरुंदवाडच्या परिसरात तिला किलोमीटरमागे मीटरभरही उतार मिळत नाही.

कयाकपटू ज्याला तीव्र उताराचा ओढा म्हणतात, त्याचा उतार किलोमीटरमागे २० मीटर किंवा त्याहून बराच जास्त असतो. समजा, अशा ओढ्यातून दर सेकंदाला ५ घनमीटर पाणी वाहते आहे. एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले की सुमारे १०,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे एका किलोमीटरच्या अंतरात दर सेकंदाला १० लाख ज्यूल, अर्थात एक मेगावॅट. एवढ्या ऊर्जेने पाण्याचा वेग सतत वाढत गेला असता. पण तसे होत नाही. खडकांवर आपटून, भोवऱ्यांत घुसळून ही ऊर्जा वाटेतच खर्च होते आणि शेवटी तिची उष्णता बनते. खळाळ म्हणजे पाण्याने ऊर्जा उधळून टाकण्याची जागा. त्या किलोमीटरभरात पाणी तापते ते मात्र एका अंशाच्या विसाव्या भागाइतकेच!

कयाक कशी टिकते?

पांढऱ्या पाण्याची अवघडपणानुसार एक ते सहा अशा श्रेणींत विभागणी करतात. आपल्याकडे कोलाडजवळच्या कुंडलिका नदीत, भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर लोक रबरी तराफ्यातून जातात. ते पाणी मधल्या श्रेणींतले. पश्चिम घाटातले खरे अवघड पाणी पाहायचे तर केरळात जावे लागते. तेथे कोझिकोड जिल्ह्यातल्या चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर २०१३ पासून पावसाळ्यात कयाकच्या स्पर्धा भरू लागल्या.

अशा ओढ्यांसाठीची कयाक जेमतेम अडीच मीटर लांब आणि फुगीर असते. ती पॉलिएथिलीनची असते. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांप्रमाणेच, साच्यात प्लास्टिकची पूड घालून तो फिरवत तापवला की ती तयार होते. बसायची जागा रबरी पडद्याने बंद केलेली असते, त्यामुळे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली तरी कमरेच्या झटक्याने आणि वल्ह्याच्या आधाराने ती पाण्यातच पुन्हा सरळ करता येते.

उडीचेही गणित आहे. १० मीटरांवरून पडणारी वस्तू पाण्याला सुमारे १४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने भिडते. होडी आडवी आपटली तर हा वेग क्षणात शून्य होतो आणि पाठीचा मणका मोडू शकतो. तीच नाकाच्या टोकाने शिरली तर थांबायला दोन-तीन मीटर अंतर मिळते आणि बल तितके कमी होते. २००९ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टायलर ब्रॅट याने पलूस धबधब्यावरून सुमारे ५७ मीटरांची उडी घेतली. (आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसशी त्याचे केवळ नामसाधर्म्य!) तो कितीच्या वेगाने पाण्याला भिडला असेल, हे विद्यार्थ्यांनी काढून पाहावे.

पण जाणकार कयाकपटूला विचारले तर तो सांगेल की उडीपेक्षा उडीखालच्या पाण्याचीच भीती जास्त.

उसळी आणि उलटा लोळ

उथळ पाण्यावर तरंग किती वेगाने सरकतो, हे खोलीवर अवलंबून असते. खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे तो वेग. पाणी ३० सेंटिमीटर खोल असेल तर हा वेग सुमारे पावणेदोन मीटर प्रतिसेकंद येतो. आता पाणी ३ मीटर उंचीच्या बंधाऱ्यावरून खाली येते तेव्हा त्याचा वेग जवळपास पावणेआठ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे प्रवाह तरंगापेक्षा चौपटीहून वेगवान. पुढे खोल, संथ पाणी आहे याची 'वर्दी' तरंगाने प्रवाहाविरुद्ध वर पोहोचवायची, तर ती पोहोचूच शकत नाही. मग वेगाने आलेला पातळ थर संथ पाण्यावर धडकतो आणि एकदम उंच होतो. अभियंते याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. आपण उसळी म्हणू. वरच्या उदाहरणात उसळीनंतरची खोली पावणेदोन मीटरांच्या आसपास येते.

आता कळीचा मुद्दा. उसळीला जेवढी खोली हवी, त्याहून खालचे पाणी जास्त खोल झाले तर काय होते? उसळी बंधाऱ्याकडे सरकते आणि बुडते. वरून आलेले वेगवान पाणी तळाशी घुसून पुढे निघून जाते, आणि त्याने मोकळी केलेली जागा भरायला पृष्ठभागावरचे पाणी उलट, बंधाऱ्याकडे वाहू लागते. हाच तो उलटा लोळ. त्यात सापडलेली वस्तू बंधाऱ्याकडे ओढली जाते, कोसळत्या पाण्याखाली दाबली जाते, थोड्या अंतरावर वर येते आणि पुन्हा ओढली जाते. असे किती वेळा होईल याला मर्यादा नाही.

बंधारा अधिक धोक्याचा का?

डोंगरातल्या ओढ्यातही असे लोळ असतात. पण निसर्गाचे बांधकाम ओबडधोबड. खडकाची कड कोठे उंच, कोठे सखल. त्यामुळे लोळाला फटी असतात, बाजूने निसटायला वाट असते. कयाकपटू आधी काठाने चालत जाऊन या वाटा हेरतो. वाट दिसली नाही तर होडी खांद्यावर घेऊन तो टप्पा चालत ओलांडतो, आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. खाली सोबती दोर घेऊन उभा असतो.

बंधारा मात्र सरळ रेषेत बांधलेला. लोळही काठापासून काठापर्यंत अखंड, फट नाही. वरच्या बाजूने पाहिले तर फक्त एक सरळ रेघ दिसते आणि पलीकडे शांत पाणी. शिवाय पाणी वाढले की खळखळाट कमी होतो, कारण उसळी बुडालेली असते. म्हणजे आवाज आणि फेस कमी झाला तेव्हाच धोका वाढलेला असतो. महापुरात बंधारा पूर्ण पाण्याखाली गेला तर लोळ विरतो, पण तेव्हा नदीच पोहण्याजोगी राहत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

फेसात तरंगता येत नाही

दुसरे उत्तर घनतेत आहे. ६० किलो वजनाच्या माणसाचे आकारमान साधारण ६० लिटर असते, म्हणून तो पाण्यात जेमतेम तरंगतो. लोळातल्या फेसाळ पाण्यात ३० टक्के हवा असेल, तर ६० लिटर फेसाचे वजन ४२ किलोच भरते. १८ किलोंची तूट पडते. साधे लाइफ जॅकेट सात-आठ किलो पेलण्याइतका आधार देते, तोही फेसात कमी होतो. म्हणून पट्टीचा पोहणाराही बुडतो. उलट ३०० लिटरांची बंद कयाक त्याच फेसात २१० किलो पेलते. माणूस धरून तिचे वजन शंभर किलोंच्या आसपास. जगवते ती कौशल्याइतकीच ही बंद हवा.

चाळण

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. तेरवाड किंवा राजापूर येथे आहेत तसे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणजे दगडी खांबांची रांग. पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात. काही बरगे निघाले, काही राहिले, मध्ये जलपर्णी आणि झाडांच्या फांद्या अडकल्या की चाळण तयार होते. पाणी पार जाते, माणूस जात नाही. कयाकपटू धबधब्याला एक वेळ सामोरे जातील, पण अशा चाळणीपासून दूर राहतील. प्रवाहाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीन मीटर प्रतिसेकंद वेगाचा प्रवाह अडकलेल्या माणसाला सुमारे सव्वादोनशे किलोंच्या वजनाइतक्या बलाने दाबून धरतो. वेग दुप्पट झाला तर बल चौपट.

आणि वेग वाढायला येथे पाऊस पडावा लागत नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत; धरण भरले की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट, म्हणजे सुमारे ४० घनमीटर पाणी सुटते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी ते पाणी वाटेत असू शकते.

वर्गात करून पाहा

१. नळाखाली सपाट ताट ठेवा आणि बारीक धार सोडा. धारेभोवती पातळ, वेगवान पाण्याचे वर्तुळ आणि त्याबाहेर उंच कडे दिसेल. हीच उसळी. पेन्सिलीचे टोक वर्तुळाच्या आत टेकवा: तरंग धारेच्या दिशेने जात नाहीत. मग कड्याबाहेर टेकवा: तेथे जातात.

२. पत्र्याच्या पन्हळीत आडवी पट्टी बसवून छोटा बंधारा करा. वरून पाणी सोडा आणि खालचे तोंड हळूहळू अडवून पाण्याची पातळी वाढवा. थर्माकोलचा तुकडा पट्टीखाली टाका. एका ठरावीक पातळीला तो पुढे जायचे सोडून जागीच गिरक्या घेऊ लागेल. मग पट्टीच्या एका टोकाला खाच पाडा आणि तुकड्याचे काय होते ते पाहा.

दुसरा प्रयोग आम्ही त्या शाळेत पुन्हा जाऊन केला. तुकडा सात-आठ मिनिटे फिरत राहिला. मुलांनी आधी हसून गिरक्या मोजल्या. मग मोजणे आपोआप थांबले. आम्ही वेगळे काही सांगितले नाही. फक्त फळ्यावर तीन वाक्ये लिहिली: बंधाऱ्याच्या वर आणि खाली पोहू नये. कोणी सापडले तर मागोमाग उडी टाकू नये. काठावरून दोर, रिकामा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी.