विसणाचे गणित

कढत पाण्यात गार पाणी ओतणे म्हणजे विसण घालणे. उष्णता-विनिमयाचा हा घरचाच प्रयोग वर्गात करून पाहू.

वसईजवळच्या सांडोर गावातील विहिरीचे पाणी २८° से. आहे असे समजा. असे २०० ग्रॅम पाणी ३०० ग्रॅम वजनाच्या तांब्याच्या भांड्यात घेऊन त्यात ८०° से. तापमानाचे ६० ग्रॅम पाणी ओता. मिश्रणाचे तापमान 'त' मानू. गरम पाण्याने गमावलेली उष्णता गार पाण्याने मिळवली, म्हणून

६० × (८० − त) = २०० × (त − २८)

यावरून त = ४०° से.

तापमापीवर मात्र ३८° च्या आसपास वाचन येते आणि विद्यार्थी वहीत ४० लिहून मोकळा होतो. शिक्षकांनी तसे होऊ देऊ नये. पाण्याबरोबर भांडेही तापले, हे आपण विसरलो! तांब्याची विशिष्ट उष्णता ०.०९ आहे, म्हणजे हे भांडे २७ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेते. समीकरणात २०० ऐवजी २२७ घातल्यास उत्तर येते ३८.९°.

उरलेली तूट हवेत आणि बाष्पीभवनात गेली. आता भांडे गोणपाटात गुंडाळून, झाकण ठेवून प्रयोग पुन्हा करावा आणि तूट किती घटते ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.