सिमेंटमधले औषध

माझ्या पुतण्याच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा तीन महिने त्याच्या पोटात होता. पलूसमध्ये हे सांगितले की अजूनही लोकांना चेष्टा वाटते. द्राक्षबागेतून परतताना मोटारसायकल घसरली; हेल्मेट नव्हते. मेंदूला सूज आली की बंद कवटीत तिला जागा उरत नाही. म्हणून सर्जन हाडाचा तुकडा काढतात, तो अतिशीत कपाटात किंवा पोटाच्या कातडीखालच्या चरबीत जपतात आणि सूज उतरल्यावर परत बसवतात.

तुकडा बसवला, पण जखम पू धरू लागली आणि तो काढून टाकावा लागला. वहिनींनी मला विचारले, “भावजी, एवढी महागडी इंजेक्शनं दिली, मग जंतू मेले कसे नाहीत?” या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा लेख झाला.

शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर फिरते. कापून काढलेल्या हाडात रक्त खेळत नाही, त्यामुळे तिथे औषधही नीट पोचत नाही. शिवाय हाड असो वा धातू, निर्जीव पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात. पाण्याच्या टाकीतल्या बुळबुळीत थरासारखा हा जैवपटल असतो. त्याच्या आड बसलेले जंतू एरवीच्या मात्रेला दाद देत नाहीत.

मग औषध तिथेच का ठेवू नये? जर्मनीत हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले. हे सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक. भुकटी आणि द्रव एकत्र केले की ते काही मिनिटांत तापते आणि घट्ट होते. म्हणून उष्णता सोसणारेच औषध चालते: जेंटामायसिन, व्हँकोमायसिन. कवटीसाठी याच सिमेंटची पट्टी घडवता येते; मात्र तिच्या उष्णतेपासून मेंदूचे आवरण जपावे लागते.

आमच्या भागात हे समजावणे सोपे आहे. शिरेतले औषध म्हणजे पाटपाणी, सिमेंटमधले म्हणजे मुळाशी ठिबक. तिथे मात्रा भरपूर मिळते, बाकी शरीरात फार थोडी पसरते. पण हे ठिबक आपल्या हातात नसते. पहिले काही दिवस औषध जोरात झिरपते, मग धार बारीक होते आणि बरेचसे आतच अडकून राहते. जंतूंना मारू न शकणारी बारीक धार त्यांना औषध पचवायला शिकवू शकते. औषध जास्त घालावे, तर सिमेंट कमकुवत होते. शिवाय सांध्यांच्या बाबतीत जेवढा अनुभव जमा झाला आहे, तेवढा कवटीच्या बाबतीत नाही.

डॉक्टरांनी हे काही लपवले नाही. जखम पूर्ण सुकेपर्यंत त्यांनी आम्हांला कित्येक महिने थांबवले आणि मगच व्हँकोमायसिन घातलेली पट्टी बसवली. “हे औषध किती दिवस पुरणार?” वहिनींनी विचारले. “सुरुवातीचे दिवस राखण करील,” ते म्हणाले. “पुढे ती नुसती भिंत आहे. म्हणून तर एवढं थांबलो.”

पुतण्या आता बागेत जातो. हेल्मेट वहिनी स्वतः त्याच्या हातात देतात.