वस्त्रदुकानांतील विक्रीनोंद व मालसाठा प्रणालींचे आधुनिकीकरण

वस्त्रदुकानांतील विक्रीनोंद व मालसाठा प्रणालींचे आधुनिकीकरण म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानातील बिल करण्याची यंत्रणा आणि मालाची मोजदाद ठेवणारी यंत्रणा बदलून त्यांची एकमेकींशी, गोदामाशी व ऑनलाइन विक्रीशी सांगड घालण्याची प्रक्रिया होय. ग्राहक ज्या ठिकाणी पैसे चुकते करतो त्या ठिकाणाला किरकोळ व्यापारात ‘पॉइंट ऑफ सेल’ किंवा संक्षेपाने ‘पीओएस’ असे म्हणतात. दुकानात कोणता माल, किती व कोठे आहे याची नोंद जितकी बिनचूक, तितका दुकानदाराचा तोटा व ग्राहकाचा हेलपाटा कमी, हे या बदलामागील मुख्य सूत्र आहे.

इतिहास

अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेटन येथे जेम्स रिटी या मद्यगृहचालकाने नोकरांकडून होणाऱ्या पैशांच्या अफरातफरीस आळा घालण्यासाठी गल्लायंत्र तयार केले व १८७९ साली त्याचे पेटंट मिळवले. या यंत्राला जमा झालेली रक्कम कळत असे. मात्र कोणती वस्तू विकली गेली हे कळत नसे.

वस्तूची ओळख यंत्राला पटवून देण्याचे काम बारकोडने केले. नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली याचे पेटंट मिळाले. पुढे १९७३ साली अमेरिकेतील किराणा उद्योगाने एक सामाईक बारकोड स्वीकारला आणि २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय येथील एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमच्या पुड्यावरील असा बारकोड प्रथम वाचला गेला. आज अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या तेरा अंकी बारकोडमध्ये ८९० हे आरंभीचे अंक भारतातील संस्थेकडून क्रमांक घेतलेल्या कंपन्यांचे निदर्शक असतात.

समस्येचे स्वरूप

किराणा मालाच्या तुलनेत कपड्यांचा साठा सांभाळणे अवघड असते. एकाच नमुन्याचा सदरा पाच मापांत व चार रंगांत आला, तर हिशेबाच्या दृष्टीने त्या वीस स्वतंत्र वस्तू ठरतात. कपडे घालून पाहिले जातात, भलत्याच जागी टांगले जातात, बदलून नेले जातात. शिवाय हंगाम संपला की मालाचे मोल घसरते.

अशा स्थितीत संगणकातील आकडा व मांडणीवरील वस्तुस्थिती यांत फरक पडतो. ही तफावत बहुधा लहान कारणांनी सुरू होते. गल्ल्यावर गर्दी असताना एकाच किमतीचे दोन सदरे दिसले, तर एकाचाच बारकोड दोनदा वाचला जातो. बिलाची रक्कम बरोबर येते. परंतु एका रंगाचा साठा प्रत्यक्षापेक्षा एकाने कमी, तर दुसऱ्याचा एकाने जास्त दिसू लागतो. मालाची चोरी झाल्यास किंवा गोदामातून आलेल्या पेटीत नग कमी भरल्यासही असेच घडते.

यांतील सर्वांत नुकसानकारक प्रकार म्हणजे आभासी साठा. संगणकात एक नग शिल्लक दिसतो, प्रत्यक्षात तो नसतो. शिल्लक दिसत असल्याने नवा माल आपोआप मागवला जात नाही. माल नसल्याने विक्री होत नाही. आणि विक्री होत नसल्याने तो आकडा शून्यावर येत नाही. अखेर त्या वस्तूला मागणीच नाही असा उलटा निष्कर्ष काढला जातो. हाच आकडा ऑनलाइन ग्राहकास दाखवला गेल्यास, नसलेल्या वस्तूचे पैसे घेतले जाऊन मागणी रद्द करण्याची वेळ येते.

बारकोड व आरएफआयडी

बारकोड वाचण्यासाठी प्रत्येक नग हाती घेऊन त्याची चिठ्ठी वाचनयंत्रासमोर धरावी लागते. तसेच कपड्यांवरील बारकोड सामान्यतः वस्तूचा प्रकार सांगतो. एकाच रंगाच्या व मापाच्या सर्व नगांवर तोच क्रमांक असतो.

रेडिओलहरींद्वारे ओळख पटवणाऱ्या आरएफआयडी पद्धतीत चिठ्ठीमध्ये सूक्ष्म चिप व अँटेना बसवलेला असतो. या चिपला बॅटरी लागत नाही. वाचनयंत्राकडून येणाऱ्या लहरींतूनच ती ऊर्जा घेते व आपला क्रमांक परत पाठवते. प्रचलित ९६ बिटांच्या क्रमांकात कंपनी व वस्तुप्रकार यांबरोबर प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांकही असतो. त्यामुळे एकच नग दोनदा मोजला जाण्याचा प्रश्न उरत नाही आणि घडी न मोडता, काही मीटर अंतरावरून शेकडो नग अल्पावधीत मोजता येतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा यासाठी २००५ साली परवानामुक्त करण्यात आला. वाहनांच्या काचेवरील फास्टॅग याच तत्त्वावर चालतो.

ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सरने २००३ साली हाय विकम येथील दुकानात पुरुषांच्या कपड्यांवर या पद्धतीची चाचणी घेतली. स्पेनमधील इंडिटेक्स कंपनीने २०१४ पासून आपल्या झारा दुकानांत ती मोठ्या प्रमाणावर आणली. तेथे चिप चोरीप्रतिबंधक कडक बिल्ल्यात बसवली होती. बिल करताना बिल्ला काढून घेतला जाई, त्यामुळे तो पुन्हा वापरता येई आणि चिपही ग्राहकासोबत घरी जात नसे. जपानच्या युनिक्लोने हीच पद्धत गल्ल्यावर आणली: कपडे पेटीत ठेवताच सर्व नगांची एकत्र नोंद होते.

आधुनिकीकरणाचे टप्पे

यंत्रखरेदीपूर्वी वस्तूंच्या नोंदी स्वच्छ करणे ही पहिली पायरी होय. एकाच वस्तूची दोन नावे, जुने क्रमांक व चुकीची मापे तशीच राहिली, तर नवी प्रणाली जुन्याच चुका अधिक वेगाने करते. त्यानंतर संपूर्ण साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करून तो आकडा आरंभीची शिल्लक म्हणून भरला जातो. पुढे एका दुकानात चाचणी, काही काळ जुन्या व नव्या प्रणालींचा समांतर वापर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि मग इतर शाखांत विस्तार असा क्रम ठेवला जातो. इंटरनेट बंद पडले तरी बिल करता यावे व जोडणी परत येताच नोंदी जुळाव्यात, ही सोयही आवश्यक मानली जाते. सणासुदीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर असा बदल करणे टाळले जाते.

भारतातील संदर्भ

भारतात बिलप्रणाली बदलण्यामागे करव्यवस्था हे मोठे कारण ठरले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत विक्रीमूल्य असलेल्या कपड्यांवर ५ टक्के, तर त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के कर आहे. करपूर्व २,८०० रुपयांचा नग २० टक्के सवलतीने २,२४० रुपयांस विकल्यास कराचा दरच बदलतो. म्हणून प्रणालीला सवलतीनंतरच्या मूल्यावर दर ठरवता आला पाहिजे. मुंबईस्थित राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआयमुळे बिलाच्या रकमेचा क्यूआर कोड पडद्यावर दाखवून पैसे घेणेही लहान दुकानांस शक्य झाले.

सुरक्षितता व खासगीपणा

गल्ल्यावरील संगणक जुना राहिल्यास धोका केवळ दुकानापुरता नसतो. अमेरिकेतील टीजेएक्स या वस्त्रविक्री कंपनीच्या संगणकांत शिरकाव होऊन किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीस गेल्याचे २००७ साली उघड झाले. दुकानांतील बिनतारी जाळ्याचे दुबळे संरक्षण हे त्यामागील एक कारण होते. बेनेटनच्या कपड्यांत चिप बसवण्याची योजना २००३ साली जाहीर झाली, तेव्हा ग्राहकांवर पाळत ठेवली जाईल या भीतीने बहिष्काराचे आवाहन झाले व कंपनीला माघार घ्यावी लागली. भारतात बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली विक्रेत्यांना दिली.

मर्यादा

धातू व पाणी यांच्या सान्निध्यात आरएफआयडीचे वाचन बिघडते; धातूचे कपाट किंवा जरीकाम असलेल्या मालाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. प्रत्येक नगाच्या चिठ्ठीचा खर्च स्वस्त मालास परवडतोच असे नाही. एक-दोन गाळ्यांच्या दुकानास साधा बारकोड व दर आठवड्यास मालाच्या एकेका विभागाची मोजणी एवढी व्यवस्थाही पुरेशी ठरू शकते. कोणतीही प्रणाली असली, तरी बदलून दिलेला व खराब झालेला नग त्याच दिवशी नोंदवण्याची शिस्त नसेल, तर नोंद व वस्तुस्थिती यांतील अंतर पुन्हा वाढू लागते.