अर्धी पाटी

आमच्या लहानपणी वर्गात दोघांत एक पाटी असे. अर्ध्या पाटीवर लांबलचक भागाकार करताना आकडे शेजाऱ्याच्या गणितात शिरायचे, आणि दोघांचीही उत्तरे चुकायची. परवा संगणक शिकणाऱ्या भाच्याने लिनक्सची एक हकीकत सांगितली, तेव्हा तीच पाटी आठवली.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक कामाला कच्चे आकडे मांडायला ठरावीक जागा देतो. तिला स्टॅक म्हणतात. इंटेलच्या ३२ बिटांच्या यंत्रांवर ती ८ किलोबाइट होती. त्यासाठी मेमरीतील चार किलोबाइटांची दोन पाने शेजारी-शेजारी मोकळी लागत. यंत्र पुष्कळ दिवस चालले की अशी जोडी मिळणे अवघड होई. म्हणून २००४ साली, २.६.६ या आवृत्तीत, एकाच पानावर भागवण्याची सोय आली.

पंचाईत झाली एक्सएफएसची. फाइली डिस्कवर कोठे ठेवायच्या हे पाहणारी ही व्यवस्था सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या आयरिक्स प्रणालीसाठी लिहिली होती. तिला ऐसपैस बसायची सवय. शिवाय येथे कामातून काम निघते. मेमरी कमी पडली, ती मोकळी करायला फाइल लिहायला घेतली, फाइलीसाठी डिस्कवर जागा शोधू लागले, त्याखाली डिस्क चालवणारा प्रोग्राम. सगळ्या पायऱ्या एकाच पाटीवर! पाटी भरली की पुढचे आकडे शेजारच्या मेमरीवर उमटतात, तेही गुपचूप. आणि ज्याच्या हाती लोकांच्या फाइली, घरच्या लग्नाचे फोटोसुद्धा, त्याच्याच हिशेबात घोळ.

मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मोठ्या वस्तू स्टॅकवरून उचलून मेमरीत इतरत्र मांडल्या, कामांचे तुकडे पाडले. २०१२ मध्ये तर जागा शोधण्याचे काम कोरी पाटी घेतलेल्या दुसऱ्याच गड्याकडे सोपवले. मूळ काम तोवर थांबून राहते, हा तोटा आहेच. तरी ही युक्ती मला फार आवडली; वर्गात मीही असेच केले असते.

एवढे करूनही पुरले नाही. चार किलोबाइटांची सोय २.६.३७ मध्ये काढून टाकली. ६४ बिटांच्या यंत्रांवर आठही अपुरे पडू लागले, तेव्हा २०१४ साली ३.१५ मध्ये सोळा केले. मास्तरकीत काटकसर अंगी मुरते, पण येथे मला सोळाच पटतात.

२०१६ च्या ४.९ आवृत्तीत ६४ बिटांच्या यंत्रांसाठी आणखी एक सुधारणा आली. आता पाने शेजारी असण्याची गरजच नाही, आणि पाटीच्या कडेला एक पान मुद्दाम बंद ठेवलेले असते. आकडा तेथे गेला की चूक जागच्या जागी पकडली जाते.