विश्लेषण : एडिटरचे ‘डिफॉल्ट शॉर्टकट’ नेमके कधी लागू व्हायला हवेत?

नांदेड असो वा लातूर, अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निकच्या लॅबमधला संगणक एकट्याचा नसतो. सकाळच्या बॅचनं वापरलेल्या मशीनवर, बऱ्याचदा त्याच लॉगिनवर, दुपारची बॅच बसते. समजा, प्रॅक्टिकल परीक्षा सुरू आहे. ‘व्हीएस कोड’मध्ये एकसारखे शब्द निवडायला तुम्ही कंट्रोल-डी दाबलं आणि अख्खी ओळच गायब झाली! चूक तुमची नाही. आधीच्या विद्यार्थ्यानं ‘एक्लिप्स’चे शॉर्टकट बसवून ठेवले होते, एवढंच.

एकाच शॉर्टकटचे इतके अर्थ कसे?

कंट्रोल-डी ‘व्हीएस कोड’मध्ये पुढचा तसाच शब्द निवडतं. ‘एक्लिप्स’मध्ये ओळ पुसतं, तर ‘नोटपॅड प्लस प्लस’मध्ये ओळीची प्रत काढतं. त्यामुळे प्रत्येक एडिटर आपला एक संच घेऊन येतो. हेच डिफॉल्ट. पण वापरणाऱ्यानं स्वतःची आवड नोंदवली असेल, तर हा संच लोड करायचा की नाही, हा खरा प्रश्न.

‘विम’नं कोणता नियम केला?

सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या ‘विम ८’मध्ये डिफॉल्टची वेगळी फाइल आली. नियम सोपा : वापरणाऱ्याची स्वतःची सेटिंग फाइल नसेल, तरच ती लोड होते. जुन्या मंडळींच्या सेटिंगला धक्का नाही आणि नव्यांना बरी सुरुवात.

पण यात एक मेख आहे. उत्साहानं तुम्ही एका ओळीची सेटिंग फाइल बनवली, की सगळे डिफॉल्ट एका फटक्यात जातात, कोडचे रंगसुद्धा. दुसरी अडचण लॅब सांभाळणाऱ्याची. त्यानं सगळ्यांसाठी केलेली सेटिंग आधी वाचली जाते आणि डिफॉल्ट फाइल नंतर. साहजिकच काही सेटिंग पुसल्या जातात. ते टाळायचं तर डिफॉल्ट वगळण्याची सूचना त्याला मुद्दाम लिहावी लागते.

‘निओविम’नं दुसरा रस्ता धरला. डिफॉल्ट कायम आतच असतात. तुम्ही बदलाल तेवढंच बदलतं.

‘व्हीएस कोड’ काय करतो?

तो थर रचतो. आधी डिफॉल्ट, मग एक्स्टेंशनचे आणि शेवटी तुमचे शॉर्टकट. बटण दाबलं की शोध खालून वर सुरू होतो, म्हणून तुमचा शब्द अखेरचा. शिवाय प्रत्येक शॉर्टकटला अट जोडता येते. त्यामुळे तेच बटण फाइलमध्ये एक आणि टर्मिनलमध्ये दुसरं काम करू शकतं.

मराठी टायपिंगशी याचा काय संबंध?

एडिटरच्याही आधी विंडोजचे शॉर्टकट जागे असतात. मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड घेतले, की डावं ऑल्ट आणि शिफ्ट भाषा बदलतात. ‘व्हीएस कोड’मध्ये ओळीची प्रत काढायलाही हीच जोडी बाणासोबत लागते. बाण दाबण्याआधी बोटं उचलली, तर कोडमध्ये अचानक देवनागरी उमटते. सरकारी टंकलेखन परीक्षेसाठी मराठी टायपिंगचा सराव आणि कोडिंग एकाच मशीनवर करणाऱ्यांना हे चटकन लक्षात येत नाही.

मग योग्य नियम कोणता?

स्वतःच्या लॅपटॉपवर डिफॉल्ट आधी आणि तुमची सेटिंग वर, हा क्रम सोयीचा. सामाईक संगणकावर मात्र प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कोरा डिफॉल्टच मिळायला हवा. नाहीतर एकाची सवय दुसऱ्याच्या गुणांवर बेतते.

परीक्षेला बसण्याआधी काय कराल?

• ‘व्हीएस कोड’मध्ये फाइल मेन्यूतून प्रेफरन्सेस आणि मग कीबोर्ड शॉर्टकट्स उघडा. कंट्रोल-डीसमोर काय आहे ते पाहा.
• एक्स्टेंशनच्या यादीत ‘कीमॅप’ दिसलं, तर बंद करा.
• ‘विम’ सुरू करताना नावापुढे दोन डॅश देऊन ‘क्लीन’ लिहा. आधीच्याची सेटिंग फाइल बाजूला राहते.
• ओळ गेलीच, तर घाबरू नका. एडिट मेन्यूतलं ‘अनडू’ ती परत आणतं.